वाडीचा नंबर

माझा भाऊ चांगला धडधाकट असताना त्याच्या नावाआधी 'कै.' लावलेलं पत्र त्याच्या घरी पोचलं, आणि ते पत्र मी नोकरी करते त्या कॉलेजचं होतं. गणपतीचे दिवस होते. मुंबईचे सगळे चाकरमानी वीर स्टेशनला उतरून, रिक्षा आणि एसटी करत पोलादपूरच्या वरच्या आमच्या वाडीवर पोचले होते. भावाच्या घरात मखर सजलेलं, ओटीवर पत्त्यांचा डाव बसलेला. पोस्टमनने दिलेलं पाकीट त्याच्या मुलीने, माझ्या भाचीने, फोडलं, मोठ्याने वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला ती थांबली. आपल्या कुटुंबाचा आधारवड हरपला, संस्था आपल्या दुःखात सहभागी आहे, असं त्यात छापलेलं होतं. आधारवड समोर पत्ते पिसत बसला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. पण तेच पत्र शेजारच्या घरात निघालं, त्याच्या वरच्या घरात निघालं, संध्याकाळपर्यंत वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यात निघालं, त्या त्या घरच्या कर्त्या माणसाच्या नावाने. आमची वाडी डोंगराच्या कुशीत आहे. पावसाळ्यात माणसं वरच्या उताराकडे कान लावून झोपतात. तळीयेला दरड कोसळून काय झालं ते तिथे कोणाला सांगावं लागत नाही, दोन घरांच्या सोयरिकी तिकडच्या होत्या. अशा माणसांना, घरात देव बसलेला असताना, सगळ्या वाडीच्या मरणाचं पत्र गेलं. हे मला वहिनीने सांगितलं. भावाने सांगितलं नाही, कारण त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला.

मी महाडच्या कॉलेजात क्लार्क आहे. माझं टेबल ग्रंथालयाच्या जिन्याखाली. वर 'माजी विद्यार्थी व देणगी कक्ष' अशी पाटी आहे, पण कक्ष म्हणजे मी, एक कॉम्प्युटर आणि जोरात लावला तर कागद उडवणारा पंखा. हे काम मी मागून घेतलं होतं. पुराच्या वर्षी सावित्रीचं पाणी मुलींच्या वसतिगृहात शिरलं आणि खाटा, वायरिंग, दारं सगळं चिखलात गेलं. चिखल उपसला, पण वसतिगृह काही पुन्हा उघडलं नाही. मी स्वतः त्या वसतिगृहात राहून शिकलेली. खिडकीशेजारची माझी खाट चिखलातून ओढून बाहेर काढली तेव्हा मी तिथे उभी होते.

तेव्हापासून डोंगरातल्या मुली एसटीने ये-जा करतात. भाची आमच्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकल संपायच्या आत वर जाणारी शेवटची गाडी सुटते, त्यामुळे प्रयोग अर्ध्यावर टाकून ती स्टँडकडे धावते. सरांनी तिला बजावलं होतं, असं चाललं तर परीक्षेला बसू देणार नाही. भावानेही बजावलं होतं, जूनपर्यंत बघू, वसतिगृह उघडलं तर ठीक, नाय तर पुरे झालं. आमच्याकडे मुलीच्या बाबतीत 'पुरे झालं' याचा अर्थ एकच असतो, तो पत्रिका छापून झाल्यावर सगळ्यांना कळतो.

म्हणून ही देणग्यांची धडपड, आणि म्हणून ते सॉफ्टवेअर. संस्थेने ते घेतलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी नाकं मुरडली. मी मुरडलं नाही. कॉम्प्युटरला उठसूट शिव्या देणाऱ्यांतली मी नाही. आधी आमच्याकडे कारभार कसा चालायचा ते मला माहीत आहे. ज्याने कालच देणगी दिली त्यालाच आज पुन्हा मागायचं, आणि ज्याने दिली त्याला आभाराचं पत्र वर्ष उलटल्यावर जायचं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक माणसाचं स्वतंत्र पान होतं. त्यावर मी फक्त पत्ते भरले नाहीत, माणूस भरला. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते, त्यांना ग्रंथालयाशिवाय कशातच रस नाही, तर त्यांना क्रीडामहोत्सवाची पत्रं पाठवायची नाहीत. पनवेलला एक नर्स आहे, ती रात्रपाळी करून सकाळी झोपते, तिला दुपारीच फोन करायचा. मागण्याआधी काही न मागता चार शब्द बोलावेत. दिलेल्या पैशाचं काय झालं ते पुढचं मागायच्या आत कळवावं. आणि मेलेल्या माणसाच्या नावाने घरी पत्र जाऊ नये. एवढं सांभाळलं की माणसं देतात. हे मी नव्या लोकांना शिकवत असे, अगदी बोट नाचवून.

आता काकांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यापाशी येऊन अडतं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आंबेनळी घाटाच्या रस्त्याला एका वळणावर त्यांची चहाची टपरी होती. आमच्या वाडीवर मोबाईलला रेंज नाही. रेंज आहे ती फक्त त्या वळणावर, तीही टपरीच्या डाव्या खांबाला टेकून उभं राहिलं तर. त्यामुळे वाडीचा फोन म्हणजे काकांचा फोन. शाळेत, दवाखान्यात, बँकेत, रेशनला, कोणीही नंबर विचारला की वाडीतला माणूस काकांचा नंबर सांगायचा. ज्यांच्या खिशात स्वतःचा मोबाईल होता तेसुद्धा तोच सांगायचे, कारण निरोप पोचला पाहिजे आणि तो काकांकडेच पोचायचा. मुंबईला राहणारेही 'घरचा नंबर' म्हणून तोच द्यायचे. यात कोणाला काही चूक वाटत नव्हती, मलाही नाही. मीसुद्धा कॉलेजात असताना माझ्या अर्जावर तोच नंबर लिहिला होता. तेव्हा तो टपरीतल्या, रुपया टाकून बोलायच्या लाल डब्याचा होता, एवढाच फरक.

काका संध्याकाळी टपरी बंद करून वाडीवर चढायचे आणि ज्याचा निरोप त्याच्या ओटीवर जाऊन सांगायचे. त्यांची एक रीत होती. निरोप जसा आला तसा, शब्द न बदलता सांगायचा. बरा असो, वाईट असो, अडवायचा नाही, लांबवायचा नाही. सांगून झालं की म्हणायचे, "निरोप संपला." त्यानंतर चहा आला आणि त्यांना काही वाटत असलं तर म्हणायचे, "आता माझं ऐक." मला वसतिगृहात जागा मिळाल्याचा फोन कॉलेजमधून त्यांनाच आला होता. माझे वडील मला पाठवायला तयार नव्हते. काकांनी ओटीवर येऊन निरोप सांगितला, निरोप संपला म्हणाले, आणि मग धाकटा भाऊ असून वडिलांना म्हणाले, "आता माझं ऐक. पोरीला धाड." मी दाराआड उभी राहून ऐकलं. माझी सगळी नोकरी, हा पगार, हे जिन्याखालचं टेबल, त्या एका वाक्यावर उभं आहे.

सॉफ्टवेअर सुरू झालं त्याच वर्षी पुण्याहून एक प्रशिक्षक आला. यादीची साफसफाई करून देतो म्हणाला. स्क्रीनवर पिवळी पट्टी यायची, ही नोंद आणि ती नोंद एकच आहे का, आणि तो फटाफट हो म्हणत जायचा. आमच्या वाडीपाशी आला. एकच आडनाव, एकच गाव, एकच फोन. म्हणाला, मॅडम, हा एकच माणूस तुमच्याकडे पुन्हा पुन्हा भरलाय. मी सांगितलं की नावं वेगळी आहेत, फोन काकांचा आहे, आमच्याकडे असंच असतं. तो म्हणाला, लोक कधी बापाचं नाव देतात, कधी भावाचं, आणि एकाच फोनवर इतकी घरं कशी चालतील? तेवढ्यात मला प्राचार्यांनी बोलावलं. परत आले तर साफसफाई झाली होती आणि उंटावरचा शहाणा पुण्याची गाडी पकडायला निघाला होता. सगळी वाडी एका माणसाच्या पानावर जमा झाली होती, आणि पानाला नाव काकांचं. बाकीची नावं त्याच्या पोटात.

मी ते पुन्हा सोडवायला घेणार होते. पण गंमत अशी की काही बिघडलंच नाही. आभाराचे मेसेज काकांच्या फोनवर जायचे आणि काका ते घराघरात सांगत फिरायचे. वाडीचे लोक खूश, देणग्या वेळेवर. सॉफ्टवेअर चुकलं होतं आणि काका ती चूक रोज संध्याकाळी डोंगर चढून निस्तरत होते. मग ते काम मागे पडलं.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. म्हातारपण होतं, ताप आला आणि उतरलाच नाही. दिवसपाणी उरकून मी महाडला परत आले, कॉम्प्युटर लावला, आणि नियमाप्रमाणे त्यांच्या पानावर 'मयत' अशी खूण केली. डोळे भरून आले होते. एका माणसाला शेवटचं जेवढं नीट करता येतं तेवढं आपण केलं, असं मला वाटलं. पण पान मयत झालं म्हणजे त्याच्या पोटातली सगळी नावं मयत झाली. आमची पत्रं छापून पाकिटात घालायचं काम मुंबईतल्या एका एजन्सीकडे आहे, तिथे वाडी कुठली आणि काका कोण हे कोणाला माहीत? त्यांनी प्रत्येक नावाआधी 'कै.' लावलं आणि प्रत्येक घरी शोकपत्र धाडलं. चूक कोणाची हे मी पुष्कळ उगाळलं. प्रशिक्षकाला वाटून दिली, एजन्सीला वाटून दिली, तरी माझ्या वाटणीला भरपूर उरते.

गावकी बसली आणि ठरलं की कॉलेजला यापुढे कोणी काही द्यायचं नाही. त्याच सुमाराला दुसरं संकट उभं राहिलं, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. ठाण्यात आमचा एक जुना विद्यार्थी मोठा ठेकेदार आहे, त्याच डोंगरपट्ट्यातला. वसतिगृहाचा उरलेला सगळा भार उचलायला तो तयार होता. अट एकच होती. रक्कम किती जमली ते मला नका सांगू, म्हणाला, वाड्यांमधले किती उंबरे पुढे आले ते सांगा, ज्यांच्या मुली त्यांनाच गरज नसेल तर मी कोणासाठी बांधू? संस्थेच्या सचिवांनी त्याला सॉफ्टवेअरमधून अहवाल काढून पाठवला. डोंगरातल्या सगळ्याच वाड्या अशाच कोणाच्या तरी एका फोनवर चालतात, त्या एकेक माणूस होऊन बसल्या होत्या. आमच्या वाडीची ओळ मी पाहिली. देणगीदार: एक. स्थिती: मयत.

ठेकेदाराने फोन उचलणं बंद केलं. इकडे एमआयडीसीतल्या एका कंपनीला पिंपं ठेवायला कोरडी जागा हवी होती, तिने वसतिगृहाची इमारत भाड्याने मागितली. सचिव वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, बाई, रिकामी इमारत पावसात सडते, शिमग्याआधी बैठक आहे, तोवर देणगीचं काही झालं तर बघू. मी हो म्हटलं आणि जिन्याखाली येऊन बसले. मला त्या दिवसांत पुन्हा पुन्हा रडू यायचं. ज्या खोलीत मी पहिल्यांदा दिव्याखाली बसून अभ्यास केला तिथे रसायनांची पिंपं, आणि भाचीचं पुरे झालं. ते थांबवायचं साधन माझ्यासमोर टेबलावर होतं आणि त्यानेच हा घोटाळा करून ठेवला होता.

भातकापणी उरकल्यावर मी वाडीवर गेले. आधी वळणावर थांबले. टपरीला कुलूप होतं, बाकड्यावर पाचोळा. वाडीत भाऊ ओटीवरून उठून मागच्या दाराने निघून गेला. वहिनीने पाणी दिलं, पण आत चल म्हणाली नाही. देवळापुढे गावकी जमली तिथे मी उभ्याने सगळं सांगितलं, पिवळी पट्टी, पोटातली नावं, एजन्सी. सांगताना माझ्याच कानाला ते थापांसारखं लागत होतं. एकाने विचारलं, असं कसं होईल, प्रत्येकाने आपापलं नाव तर दिलं होतं. दुसरा म्हणाला, हिला काकांचा नंबर आपणच दिला रे, हिने काय केलं. मग वादावादी सुरू झाली, नंबर काकांचा का दिला आणि दुसरा कोणाचा देणार होतो. मी मध्ये उभी.

शेवटी वाडीतला वयाने सगळ्यांत मोठा म्हातारा काठी टेकून म्हणाला, "म्हंजी तुमच्या मशिनीत आमी सगळे मिळून एकच माणूस?"

मी हो म्हटलं.

"आणि तो मेला."

बायकांच्या घोळक्यात काकी बसली होती, काकांची बायको. ती म्हणाली, "मग खोटं काय हाय त्यात? ते गेल्यापासून वाडीवर निरोप आलाय का कोणाचा?"

ते खरं होतं. काका गेल्यापासून टपरीला कुलूप लागलं होतं आणि डाव्या खांबाला टेकून उभं राहायला कोणी नव्हतं. मुंबईत एकाला अपघात झाला ते वाडीतल्या त्याच्या आईच्या आधी पोलादपूरच्या बाजारात कळलं होतं. एक म्हातारी मग उगाच म्हणाली की जित्या माणसाच्या मरणाची बातमी आली की आयुष्य वाढतं, सगळ्या वाडीचं वाढलं म्हणायचं. दोघं-तिघं हसले. त्या हसण्यावर मी धीर करून म्हटलं की मला प्रत्येक घराचं वेगळं पान करायचं आहे, तर प्रत्येकाने आपला नंबर सांगा. आणि पुन्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. वाडीवर रेंज नव्हतीच. मी काय विचारत होते ते माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

"हिचा लिवा," काकी म्हणाली. "ही खाली महाडात बसलेली असते. रेंज हाय, आपल्यातली हाय."

आणि एकेक जण पुढे येऊन आपलं नाव आणि माझा नंबर सांगून गेला. मला माझाच नंबर प्रत्येकाकडून ऐकून लिहून घ्यावा लागला. भावाचं नाव वहिनीने सांगितलं. तो दूर आंब्याखाली उभा होता, पुढे आला नाही.

कॉलेजात येऊन मी एकेक नाव काकांच्या पानातून बाहेर काढलं. आता एकच आडनाव, एकच गाव आणि पुन्हा एकच फोन. पिवळी पट्टी परत परत यायची, ही नोंद आणि ती नोंद एकच आहे का. या वेळी ती सगळी वाडी माझ्या पोटात घालायला निघाली होती. मी दर वेळी नाही म्हटलं. मग शोधत गेले तेव्हा सापडलं की त्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हवा तो नवा रकाना करता येतो. सोय पहिल्यापासून होती, आमच्या गावात ती लागेल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी रकाना केला, 'निरोप कोणाकडे'. त्यात माझा नंबर घातला आणि 'फोन' कोरा ठेवला. पिवळी पट्टी यायची थांबली. इतकं साधं होतं ते. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला काकांची आठवण येऊन डोकं टेबलावर टेकावंसं वाटलं.

माफीची पत्रं मी एजन्सीकडे दिली नाहीत. प्रत्येकाच्या नावाआधी 'श्री.' आहे का हे बोट ठेवून वाचलं आणि पाकिटं भाचीबरोबर वर धाडली. बाकीच्या वाड्यांचीही नोंद तशीच सोडवायला घेतली. हळूहळू एकेक उंबरा देणगी घेऊन परत यायला लागला, पण फार हळू. ठेकेदाराला मी दर आठवड्याला नवा अहवाल पाठवत होते, त्याचं उत्तर येत नव्हतं. आणि भावाचा उंबरा काही आला नाही.

माझा फोन मात्र वाडीचा फोन झाला. कोणाला दवाखान्यातून घरी सोडलं, कोणाच्या मुंबईच्या खोलीत पाणी गळतंय, कोणाची सून बाळंत झाली, कोण शनिवारी येणार, कोण येणार नाही. सचिव समोर उभे असताना मी कोणाच्या तरी शेळीबद्दल बोलत असायचे. निरोप चिठ्ठीवर लिहून संध्याकाळी स्टँडवर भाचीकडे द्यायचे, ती वर गेल्यावर घराघरात पोचवायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत होती. मी थकले होते. काकांनी हे इतकी वर्षं टपरी चालवून कसं केलं, मला कळत नव्हतं.

बैठक एका आठवड्यावर आलेली असताना दुपारी एक फोन आला. मुंबईहून कोणी प्रौढ गृहस्थ बोलत होते, आवाज सभ्य. त्यांनी माझ्या भावाचं नाव घेतलं, हा त्यांचा घरचा नंबर ना, म्हणाले. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. एवढा निरोप द्या. त्यांची तयारी असेल तर शिमग्याला येऊन सुपारी फोडू."

भाचीला बघायला कोणी आलं होतं हेच मला माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी ती माझ्या हातातून चिठ्ठ्या घेत होती आणि याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. कदाचित तिला वाटलं असेल की आत्याला सांगून काय उपयोग, बाप तर आत्याशी बोलतही नाही. फोन ठेवल्यावर मी पंखा बंद केला आणि बसून राहिले.

निरोप फक्त माझ्याकडे होता. आठवडाभर तो माझ्याकडेच राहिला तर कोणाला कळणार होतं? बैठक होऊन जाईल, ठेकेदाराचं उत्तर कदाचित येईल, वसतिगृह ठरलं तर भावाला नाही म्हणायला जागा उरणार नाही. लोक फोन विसरतात, मीही विसरले म्हणेन. मला ते करायचं होतं, हे स्पष्ट सांगते. माझा अर्धा दिवस त्यात गेला. पण ज्या वाडीने नावं पुन्हा माझ्याकडे दिली, ती मी निरोप पोचवीन म्हणून दिली. एक निरोप अडवला की पुढच्या कुठल्याच निरोपावर कोणी विश्वास ठेवणार नाही, मग त्या रकान्यात माझा नंबर राहून उपयोग काय. आणि काकांनी माझ्या वडिलांच्या एकाही निरोपाला हात लावला नव्हता, म्हणून तर त्यांचं ऐकलं गेलं.

संध्याकाळी स्टँडवर भाचीने नेहमीसारखा हात पुढे केला. "आज निरोप नाय का गो, आत्या?"

हाय, म्हटलं, पण आज मीच येते. गाडीत ती खिडकीशी बसली, वही उघडली, अर्ध्या राहिलेल्या प्रयोगाचे आकडे पुरे करायला लागली. पोलादपूरला गाडी बदलली. वळण आलं तेव्हा दोघींनीही टपरीकडे पाहिलं. मग उतरून पायवाटेने वर चढलो.

भाऊ ओटीच्या पायरीवर कोयता पाजळत बसला होता. मला पाहिलं तरी हात थांबला नाही. मी अंगणात उभी राहिले, 'बस' असं कोणी म्हटलं नव्हतं. मुंबईहून अमुक घरचा फोन आला होता, म्हटलं, आणि त्या गृहस्थांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. मुलगी पसंत आहे. तयारी असेल तर शिमग्याला येऊन सुपारी फोडू. माझ्या मागे भाचीचं दप्तर खाली टेकल्याचा आवाज आला. वहिनी दारात आली होती.

"निरोप संपला," मी म्हटलं. "आता माझं ऐक."

भावाने कोयता दगडावर ठेवला. या ओटीवर माझ्यासाठी हे शब्द कोणी उच्चारले होते ते त्यालाही आठवत असणार, तेव्हा तो लहान होता आणि माझ्याशेजारी दाराआड उभा होता. मग त्याने पायरीवर सरकून जागा केली आणि गणपतीपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"बोल," म्हणाला.